क्लासिक क्रॉस-कंट्री स्कीइंग : एका लेसनमध्ये नेमकं काय सुधारून घ्यावं?

पांढरीवाट

ट्रॅकमधून तासभर आरामात जाता येतं, साध्या उतारावर पडायला होत नाही, पण सपाटीवर स्की म्हणावी तशी सरकत नाही, चढ आला की पाय मागे सटकतो आणि शेवटी सगळा भार दंडांवर येतो. क्लासिक शैलीत (बर्फात कोरलेल्या दोन समांतर खाचांच्या ट्रॅकमधून स्की सरळ पुढे सरकवत जायची पद्धत) या टप्प्यावर अडकलेले लोक खूप असतात. त्यांच्यासाठी हा धागा. प्रशिक्षकासोबत साठ ते नव्वद मिनिटं मिळणार असतील तर ती कशावर घालवावीत?

आधी एका स्कीवर पूर्ण भार घेणं, मग किकची (पुढे जाण्यासाठी पायाने दिलेल्या रेट्याची) वेळ, मग हात. हा क्रम उलटा झाला की लेसन वाया जातो. पोल (काठ्या) हातात असले की माणूस तोल पोलवर सांभाळतो आणि पायांची चूक झाकली जाते.

कारण स्कीच्या बांधणीत आहे. क्लासिक स्कीला मधोमध कमान असते. दोन्ही पायांवर सारखा भार असताना कमान उचललेली राहते, पुढचा-मागचा भाग बर्फावर सरकतो आणि मधला पट्टा (जिथे बर्फाला धरणारं ग्रिप वॅक्स किंवा मोहेअरची, म्हणजे शेळीच्या केसांची, पट्टी असते) बर्फाला जेमतेम लागतो. सगळा भार एकाच स्कीवर आणून खाली रेटा दिला की कमान दबते, मधला पट्टा बर्फाला धरतो आणि शरीर पुढे फेकलं जातं. त्या क्षणी स्की बर्फावर थांबलेली असते, पळताना पाऊल जमिनीवर टेकलेलं असतं तशी. हा क्षण सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही छोटा असतो. रेटा त्यातच बसला पाहिजे.

म्हणजे भार साठ-चाळीस विभागलेला असेल तर कमान पूर्ण दबणार नाही, पाय सटकेल. दुसऱ्या बाजूने, ग्लाइड करताना, म्हणजे किकनंतर सरकताना, भार दोन्ही स्कींवर राहिला तर प्रत्येक ग्लाइड अर्ध्यावर संपेल. दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच.

लेसनची सुरुवात थोड्या उतरत्या सपाट ट्रॅकवर, पोल बाजूला ठेवून करावी. घोटे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर टेकेल असं उभं राहायचं, पाठ किंचित गोल, हात सैल. मग एक स्की काढून ठेवायची आणि स्कूटर ढकलावी तसं मोकळ्या पायाने रेटा देत दुसऱ्या स्कीवर सरकायचं. पन्नासेक मीटर जाऊन पाय बदलायचा. यात लबाडी चालत नाही. भार पुरता स्कीवर नसेल तर दोन-तीन मीटरमध्ये मोकळा पाय खाली टेकतोच. बहुतेकांची एक बाजू ठळकपणे कच्ची निघते, आणि प्रशिक्षकाने उरलेला वेळ त्या बाजूला जास्त द्यायला हवा.

त्यानंतर दोन्ही स्की घालून, पोलशिवाय, एकेका पायावर 'एक, दोन, तीन' मोजत ग्लाइड. नाक, गुडघा आणि पायाचं बोट एका उभ्या रेषेत आलं की तोल स्कीवर आहे. नाक दोन स्कींच्या मध्ये राहिलं तर भार अजून वाटलेला आहे.

अनवट

उपयोगी धागा. एक प्रश्न. चढावर पाय मागे सटकतो तेव्हा दोष वॅक्सचा की तंत्राचा हे ओळखायचं कसं? दर वेळी वॅक्सचा एक थर चढवला जातो, मग उतारावर स्की चिकटल्यासारखी जाते.

समतोल

>> दोष वॅक्सचा की तंत्राचा

दोन्ही वेगळे करून तपासा. सपाट ट्रॅकमध्ये थांबा, एका स्कीवर पूर्ण उभे राहा, भार चवड्यावर घ्या आणि जागच्या जागी हलकी उडी मारल्यासारखा रेटा द्या. स्की धरते आहे? मग वॅक्स ठीक आहे. चालत्या ग्लाइडमध्ये तीच स्की सटकत असेल तर चूक वेळेची आहे. उभ्यानेही सटकली तर वॅक्स किंवा स्कीची कमान तपासायची.

वेळेची चूक म्हणजे उशिरा किक. क्लासिकमधला सर्वांत मोठा दोष हाच. रेटा सुरू व्हायचा क्षण म्हणजे मागून येणारा पाय उभ्या पायाच्या शेजारी पोचतो तो. दोन्ही बूट शेजारी आले की खाली दाबायचं. तिथे कंबर पायाच्या बरोबर वर असते, त्यामुळे बराचसा जोर खाली, कमानीवर जातो. पाय कंबरेच्या मागे गेल्यावर रेटा दिला तर जोर मागच्या दिशेने जातो, कमान उचलली जाते आणि वॅक्स कितीही असलं तरी स्की घसरते.

कान द्यायची सवय ठेवा. मागून पुढे येणारी स्की 'फट्' करून बर्फावर आपटत असेल तर पाय वेळेआधी खाली पडतो आहे, म्हणजे तोल उभ्या स्कीवर टिकलेला नाही. चांगल्या स्ट्राइडमध्ये (सरकत्या पावलात) ती स्की उभ्या पायाच्या शेजारी हळूच उतरते, जवळजवळ आवाज न करता.

ट्रॅकवर भुरभुरीत ताज्या बर्फाचा थर असेल तर मागे वळून ठसे बघा. किक नीट बसली असेल तर बुटाखालच्या पट्ट्याचा स्वच्छ, कडक कडांचा ठसा दिसतो. सटकली असेल तिथे वीतभर लांबीची घासलेली, चकचकीत पट्टी दिसते. एका बाजूच्या ट्रॅकमध्ये ठसे आणि दुसऱ्या बाजूला पट्ट्या असं दिसलं तर कोणत्या पायावर काम करायचं ते आपोआप कळतं.

ध्रुव७

समतोल यांच्याशी सहमत. एक भर घालतो, कारण "पुढे झुका" ही सूचना जितकी दिली जाते तितकीच चुकीची समजली जाते.

झुकायचं घोट्यातून, कंबरेतून नाही. कंबरेत वाकलं की छाती पुढे जाते आणि कुल्ले मागे. भार टाचेवर येतो, आणि टाचेवर भार असताना कमानीचा नेमका वॅक्सचा भाग दबत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला माणूस पुढे झुकलेला दिसतो, पण त्याचा गुरुत्वमध्य पायाच्या मागे असतो.

तपासायची सोपी रीत अशी : जागेवर उभं राहून सगळं शरीर सरळ फळीसारखं पुढे कलू द्या. शेवटी तोल जातो आणि एक पाय आपोआप पुढे पडतो. तो पडायच्या आधीची जी स्थिती आहे, प्रत्येक स्ट्राइड तिथून सुरू व्हायला हवी. प्रशिक्षकांकडून "कंबर उंच, कंबर पुढे" हे ऐकायला मिळतं त्याचा अर्थ एवढाच. बाजूने पाहिलं तर नडगी आणि पाठ साधारण समांतर दिसतात.

दुसरी गोष्ट, किकच्या आधीचं छोटं दबणं. ग्लाइड संपत आला की गुडघा आणि घोटा किंचित वाकतात आणि लगेच सरळ होतात, उडी मारायच्या आधी वाकतो तसं. हे दबणं राहून गेलं की किक नुसत्या मांडीच्या जोरावर मागे ढकलल्यासारखी होते. आणि ते फार खोल झालं, म्हणजे माणूस जवळजवळ बसायलाच लागला, तर मांड्या दहा मिनिटांत भरून येतात.

रानवारा

हातांबद्दल लिहितो, कारण पाय सुधारले की पुढची गळती तिथे असते.

पोलची लांबी आधी बघून घ्या. क्लासिकसाठी एफआयएसच्या (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या) स्पर्धा-नियमात पोल स्कीअरच्या उंचीच्या ८३ टक्क्यांपेक्षा लांब चालत नाही, आणि उंची स्कीचे बूट घालून मोजतात. बुटांसकट १७० सेंमी उंची असेल तर ही मर्यादा सुमारे १४१ सेंमी येते. शिकणाऱ्यानेही याच आसपास राहावं. बर्फावर उभं राहिल्यावर पोल साधारण खांद्यापर्यंत यावा. लांब पोल घेतला की डायगोनलमध्ये (आलटून-पालटून विरुद्ध हात-पायाने जायच्या मूळ चालीत) खांदा उचलावा लागतो, मान आखडते आणि हाताचा झोका तुटतो.

पट्टा : हात पट्ट्यात खालून वर घालायचा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरायची. जोर पट्ट्यातून मनगटावर यायला हवा, मूठ आवळून नाही. हात मांडीच्या मागे गेला की बोटं उघडतात, पोल पट्ट्यावर लोंबतो आणि परत पुढे येताना मूठ अलगद मिटते. बोटं उघडत नसतील तर हात मांडीपाशीच थांबतो आणि रेट्याचा शेवटचा तिसरा हिस्सा वाया जातो.

पोल टेकवताना हात साधारण हनुवटीच्या उंचीवर, कोपर थोडं वाकलेलं. टोक पुढच्या बुटाच्या आसपास पडतं, बुटाच्या पुढे नाही, आणि पोलची मूठ टोकाच्या पुढे कललेली असते. टोक बुटाच्या पुढे पडलं तर पोल आधी ब्रेक लावतो, मग ढकलतो. झोका खांद्यातून, घड्याळाच्या लंबकासारखा, प्रवासाच्या दिशेत सरळ. हात शरीरासमोर आडवा येत असेल तर खांदे फिरतात आणि त्यासोबत स्कीवरचा तोलही डावीकडे-उजवीकडे हलतो.

लेसनमध्ये एक सराव मागून घ्या : पोल मधोमध धरून, नुसता झोका देत शंभर मीटर डायगोनल. पोल आडवे पकडल्याने टेकवता येत नाहीत, पण हातांची लय पायांच्या लयीत बसते. लगेच पोल नीट पकडून त्याच लयीत पुढचे शंभर मीटर. बदल बहुतेक वेळा तिथल्या तिथे जाणवतो.

शिशिरा

वॅक्सचा विषय निघालाच आहे तर तो पूर्ण करू. लेसनच्या दिवशी ग्रिप धरत नसेल तर प्रशिक्षक काहीही शिकवू शकत नाही.

आधी वॅक्सचा पट्टा कुठपासून कुठपर्यंत हे ठरवा. सपाट फरशीवर दोन्ही स्की घालून सारख्या भाराने उभे राहा आणि दुसऱ्या कोणाला स्कीखाली कागदाची पट्टी सरकवायला सांगा. टाचेच्या जरा मागून बोटांच्या पुढे साधारण तीस-चाळीस सेंमीपर्यंत कागद मोकळा फिरला पाहिजे. तिथे पेन्सिलने खुणा करा. मग एका पायावर, चवड्यावर पूर्ण भार द्या. आता कागद अडकला पाहिजे. नाही अडकला तर स्की तुमच्या वजनाला कडक आहे, आणि तंत्र कितीही सुधारलं तरी ती दबणार नाही. उलट, दोन्ही पायांवर उभं असतानाच कागद अडकत असेल तर स्की मऊ आहे, वॅक्स सतत घासत राहील. स्की निवडताना उंचीपेक्षा वजन जास्त महत्त्वाचं, ते याच कारणाने.

हार्ड वॅक्सचा साधारण हिशोब : थंडीसाठी हिरवा, त्याहून कमी थंडीत निळा, शून्याच्या जवळ जांभळा, शून्याच्या वर ओल्या बर्फाला लाल. प्रत्येक डबीवर तापमानाची मर्यादा छापलेली असते, तीच पाळा. जुन्या, दाणेदार झालेल्या बर्फावर त्याच तापमानाला एक पायरी मऊ वॅक्स लागतं, कारण ताज्या बर्फाच्या टोकदार स्फटिकांसारखे ते दाणे वॅक्समध्ये रुतत नाहीत.

पट्टा आधी बारीक सॅंडपेपरने हलका खरवडा म्हणजे वॅक्स टिकतं. खडूने ओढावं तसा पातळ थर, कॉर्कने घासून गुळगुळीत, मग पुढचा. चार ते सहा पातळ थर एका जाड थरापेक्षा कितीतरी जास्त टिकतात. लावल्यावर स्की दहा मिनिटं बाहेर थंडीत उभ्या ठेवा. घरातून उबदार वॅक्स घेऊन थेट बर्फावर उतरलात तर बर्फ त्याला चिकटतो, बुटाखाली गोळा बनतो आणि मग खरवडण्याशिवाय इलाज नसतो.

ग्रिप कमी पडली तर क्रम असा : आधी त्याच वॅक्सचे आणखी एक-दोन थर, मग पट्टा पुढच्या बाजूला थोडा लांब, आणि तरीही नाही जमलं तर मऊ रंग. अनवट, तुमच्या "उतारावर चिकटते" या तक्रारीचं उत्तर इथेच असावं. थेट मऊ वॅक्सवर उडी मारली की हे होतं. मऊ वॅक्सवर बर्फ बसायला लागला तर ते खरवडून त्यावर थंड रंगाचा थर द्या.

रात्री गोठून काचेसारखा झालेला किंवा वितळून पुन्हा गोठलेला ट्रॅक असेल तर हार्ड वॅक्स अर्ध्या तासात घासून जातं. तिथे क्लिस्टर लागतं, ट्यूबमधलं चिकट वॅक्स. त्याचा पट्टा हार्ड वॅक्सपेक्षा आखूड ठेवा, तिरक्या रेघा मारून अंगठ्याने पातळ पसरा. पहिल्या लेसनला असा दिवस आला तर स्किन स्की (ग्रिप वॅक्सऐवजी मोहेअरची पट्टी असलेली) वापरणं सोपं.

अनवट

>> आधी त्याच वॅक्सचे आणखी एक-दोन थर, मग पट्टा लांब

हाच क्रम चुकत होता. आभार.

आता स्किन स्कीबद्दल. मोहेअरची पट्टी असलेल्या स्कीवर लेसन घेतला तर तंत्र वेगळं शिकवतात का? आणि पट्टी धरते म्हणून उशिरा किक लपते का?

पांढरीवाट

तंत्र तेच. पण शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मोहेअरचे केस मागच्या दिशेला कललेले असतात, त्यामुळे पुढे सरकताना ते आडवे होतात आणि मागे घसरताना बर्फात रुततात. कमान अर्धवट दबली तरी थोडी पकड मिळते. म्हणजे उशिरा किक काही प्रमाणात माफ होते, हो. घट्ट गोठलेल्या चढावर मात्र ही माफी संपते आणि पट्टी सरळ सटकते.

स्किन स्कीची बाइंडिंग (बूट अडकवायचा भाग) पुढे-मागे सरकवता येत असेल तर एक-दोन खाच पुढे घेतल्यावर पकड वाढते, मागे घेतल्यावर ग्लाइड वाढतो. लेसनच्या सुरुवातीला पुढे ठेवा, तोल जमायला लागला की मधल्या खाचेवर आणा. मोहेअरच्या पट्टीवर ग्लाइड वॅक्स (स्की सरकावी म्हणून लावायचं वॅक्स) लागू देऊ नका. वॅक्स करताना तिला टेपने झाका. शून्याच्या आसपास ताज्या बर्फात पट्टीवर बर्फ जमतो, त्यासाठी मिळणारा फवारा आधीच मारून ठेवा.

प्रशिक्षकाला काय सांगायचं, हेही इथेच लिहितो. "सगळं सुधारायचं आहे" असं म्हणू नका. कोणता पाय सटकतो, सपाटीवर की चढावर, किती वेळाने, काय दुखायला लागतं, स्की वॅक्सच्या की स्किनच्या, एवढं सांगितलं की चांगला प्रशिक्षक पाच मिनिटं तुम्हाला समोरून, बाजूने आणि मागून पाहील आणि एकच दुरुस्ती निवडेल. एका वेळी दोन सूचना पाळता येत नाहीत, शरीर दोन्ही सोडून देतं. एका लेसनमध्ये दोन मोठ्या दुरुस्त्या पुरे.

व्हिडिओ मागा. बाजूने घेतलेल्या दहा सेकंदांत किकची वेळ आणि कंबरेची उंची कळते, मागून घेतलेल्यात भार एका स्कीवर पोचतो की नाही हे कळतं. हळू गतीत चालवून दोन्ही बूट शेजारी येतात ती फ्रेम थांबवा. त्या फ्रेममध्ये उभा गुडघा वाकलेला आणि कंबर पायावर असेल तर किक वेळेवर आहे. गुडघा आधीच सरळ झालेला दिसला तर रेट्याला पुढे जोरच उरत नाही.

रानवारा

डबल पोलिंगबद्दल (दोन्ही पोल एकदम टेकवून ढकलण्याबद्दल) कोणी लिहिलं नाही म्हणून. स्वीडनमधल्या वासालोपेत शर्यतीच्या ९० किलोमीटरमध्ये आघाडीचे बरेच स्पर्धक ग्रिप वॅक्स न लावता पूर्ण अंतर डबल पोलिंगने जातात, ते पाहून "मग डायगोनल शिकायचंच कशाला" हा प्रश्न नेहमी येतो. त्यांच्यासारखं पोट, पाठ आणि दंडांचं प्रशिक्षण नसताना चढावर डबल पोलिंग ओढणं म्हणजे खांदे दुखवून घेणं. शिकणाऱ्यासाठी डबल पोलिंग सपाटीवर आणि हलक्या उतारावर, जिथे डायगोनलला वेग जास्त होतो.

तंत्र थोडक्यात : टाचा किंचित उचलत चवड्यांवर उंच व्हायचं, शरीर पुढे पडू द्यायचं, कोपर साधारण काटकोनात ठेवून पोल बाइंडिंगच्या आसपास टेकवायचे आणि पोट आवळून शरीराचा भार पोलवर सोडायचा. हात गुडघ्यांशेजारून मागे जातात. पुढची हालचाल कंबर उचलून सुरू होते, हात नुसते सोबत येतात.

चुका दोन. एक, हात सरळ ठेवून नुसत्या दंडांनी ओढणं. दोन, पाठ जमिनीला समांतर होईपर्यंत कंबरेतून वाकणं. पोल सुटल्यावर अधिक खाली वाकून वेग मिळत नाही, फक्त परत उठायला जास्त ताकद लागते.

ध्रुव७

मधला गिअर राहिला : किक डबल पोल. डबल पोलिंगला चढ थोडा जास्त आणि डायगोनलला वेग थोडा जास्त, अशा जागी हा. एका पायाने किक देताना दोन्ही हात पुढे जातात, तो पाय मागून परत येताना दोन्ही पोल खाली येतात. पुढच्या वेळी दुसरा पाय. जवळजवळ प्रत्येक शिकणारा किक आणि पोल एकाच वेळी मारतो आणि मग दोन्ही अर्धवट होतात. शिकवताना तोंडाने "पाय… पोल… पाय… पोल" असं म्हणत चाललं की वेळ सुटी होते.

चढ वाढला की डायगोनलचा पल्ला आखूड करायचा आणि पावलं वेगाने टाकायची. ग्लाइड ओढून धरायच्या नादात स्की थांबते, आणि थांबलेल्या स्कीला पुन्हा ढकलणं महाग पडतं. त्याहून उभा चढ असेल तर हेरिंगबोन : स्कींची टोकं बाहेर, आतल्या कडांवर भार, पोल स्कींच्या मागे टेकलेले, नजर वर. पायाकडे पाहिलं की कंबर वाकते आणि टाचा सटकतात. नॉर्वेचा स्कीपटू योहानेस क्लॅबो अशा चढांवर अक्षरशः पळत जातो, आणि त्यात पाहण्यासारखी गोष्ट अशी की वेगातही त्याची कंबर पायांवरच असते.

नियमांचा एक भाग लक्षात ठेवा. क्लासिकमध्ये हेरिंगबोन ग्लाइडशिवाय चालतो. पावलागणिक सरकायला लागलात तर ते स्केटिंग झालं. १९८० च्या दशकात स्केटिंगची पावलं स्पर्धांमध्ये पसरली, त्यातून क्लासिक आणि फ्री (जिथे स्केटिंग चालतं) या शैली वेगळ्या कराव्या लागल्या, आणि १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये शर्यती अशा वेगळ्या झाल्या. क्लासिकची व्याख्या आज इतकी काटेकोर आहे ती त्यामुळे.

शिशिरा

उतारासाठी लेसनची शेवटची दहा मिनिटं तरी राखून ठेवा. क्लासिक स्कीला धातूची कड नसते आणि टाच मोकळी असते, त्यामुळे उतरणं हे वेगळं कौशल्य आहे. ट्रॅकमध्ये असताना वेग कमी करायचा तर एक स्की ट्रॅकमध्येच ठेवायची, दुसरी बाहेर काढून टाच बाहेर, टोक आत अशी तिरकी ठेवायची आणि आतल्या कडेवर हळूहळू भार वाढवायचा. एकदम भार टाकला की ती स्की ट्रॅकमधल्या स्कीवर चढते.

वळणावर ट्रॅक सोडून छोट्या पावलांनी वळायचं : आतली स्की उचलून नव्या दिशेला ठेवा, भार तिच्यावर द्या, बाहेरची शेजारी आणा. पाच-सहा छोटी पावलं दोन मोठ्या पावलांपेक्षा सुरक्षित. इथेही एका स्कीवर उभं राहणंच लागतं, त्यामुळे स्कूटरचा सराव झाला असेल तर वळणं लवकर जमतात.

अनवट

बर्फ नसताना रोलर स्कीवर सराव केला तर चालेल का? लेसननंतर मध्ये बरेच महिने जातात.

समतोल

चालेल, पण एक धोका समजून घ्या. क्लासिक रोलर स्कीच्या एका चाकाला उलटं फिरू न देणारी बेअरिंग असते. म्हणजे किक कधीही द्या, कशीही द्या, स्की मागे सटकत नाहीच. कमान दाबायची गरज नाही, वेळ पाळायची गरज नाही. पूर्ण उन्हाळा त्यावर डायगोनल केलेल्या माणसाची किक बर्फावर हमखास उशिरा निघते. रोलर स्कीवर डबल पोलिंग आणि तोलाचा सराव भरपूर करा. डायगोनल केलंच तर पाय शेजारी येतानाच दाबतो आहे ना याकडे प्रत्येक पावलाला लक्ष द्या. हेल्मेट आणि गुडघ्यांची पॅड न चुकता, कारण त्यावर ब्रेक मारून पटकन थांबता येत नाही.

किकच्या वेळेसाठी पोल घेऊन चढावर स्की-वॉकिंग जास्त भरवशाचं. चढ निवडा, लांब पावलं टाका, टाच आधी टेकवा, पाय शरीराखाली आला की चवड्याने खाली दाबून पुढे जा, विरुद्ध हाताचा पोल सोबत. पावसाळलेल्या किंवा सैल मातीच्या चढावर केलं तर उशिरा दिलेला रेटा लगेच पायाखालची माती मागे उडवतो. बर्फासारखाच तो इशारा देतो.

घरी एका पायावर उभं राहून दुसरा पाय पुढे-मागे झुलवणं, तीस-तीस सेकंद, दोन्ही बाजूंना. उभा गुडघा थोडा वाकलेला आणि कंबर स्थिर. कच्च्या बाजूला एक फेरी जास्त.

पांढरीवाट

समतोल यांचा रोलर स्कीबद्दलचा मुद्दा प्रशिक्षकालाही जरूर सांगा. "उन्हाळाभर रोलर स्की केली आहे" एवढं ऐकलं की अनुभवी प्रशिक्षक आधी किकची वेळच तपासतो.

लेसननंतरच्या पहिल्या तीन-चार फेऱ्यांबद्दल एक सूचना. पहिली पंधरा मिनिटं पोल न घेता किंवा पोल मधे धरून. मग सपाटीवर तीस-चाळीस किक अशा, की प्रत्येकात फक्त बूट शेजारी यायचा क्षण पकडायचा. मग विसरून जाऊन साधं स्कीइंग. थकवा आला की जुनी सवय परत येते. ग्लाइड आखूड व्हायला लागला किंवा कुल्ले मागे जायला लागले की त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवा. थकलेल्या पायांनी केलेले शंभर स्ट्राइड उशिरा किकच पक्की करतात.

अनवट

पोल मधे धरून करायच्या सरावात हात किती वर आणायचे? तिथेही हनुवटीपर्यंत?

रानवारा

नाही. पोल टेकवायचा नसल्याने तिथे खांद्याच्या खालीच ठेवा, छातीच्या मध्यापर्यंत पुरे. वर आणायला गेलात तर खांदे उचलले जातात. मागे मात्र हात मांडीच्या पलीकडे जाऊ द्या. बहुतेकांचा झोका मागेच अपुरा राहतो.